मिठाची रोजकीर्द

जोडवी काढायला सोनाराला बोलवावं लागलं, तेव्हा घरात सगळ्यांना कळलं की माझे पाय सुजलेत. मला ते तीन आठवडे आधीपासून माहीत होतं. चपलेचा पट्टा रुतायचा. संध्याकाळी पतसंस्थेतून घरी आलं की नडगीवर बोट दाबायचं आणि पडलेला खड्डा भरायला किती वेळ लागतो ते मनात मोजायचं, हा माझा खाजगी उद्योग झाला होता. एकदा वीसपर्यंत आकडे झाले तरी खड्डा तसाच.

जुलै २०२२. चिपळूणचा पाऊस, दिवसाही दिवे लावलेले. साबण लावून झाला, दोरा गुंडाळून झाला, जोडवी हलेनात. सोनाराने बारीक कातरीने दोन्ही कापली. सासूबाईंनी तेवढ्यापुरती मान फिरवली. तो म्हणाला, "वहिनी, सूज उतरली की डाग देऊन देतो, नवीन करू नका." मी कापलेली चांदी कागदात गुंडाळून कपाटात ठेवली आणि त्या रात्री पहिल्यांदा वजनकाट्यावर उभी राहिले. ५८.९. फेब्रुवारीत, आजाराचं निदान झालं तेव्हा, मी ५४ होते. पाच महिन्यांत जेवण निम्म्यावर आलं होतं आणि वजन पाच किलोंनी वाढलं होतं. बावीस वर्षं कॅशियरचं काम केलं आहे. जमा कमी आणि शिल्लक जास्त, असा मेळ कुठेच बसत नाही.

आजाराबद्दल थोडं सांगते. पल्मनरी हायपरटेन्शन म्हणजे हृदयाकडून फुफ्फुसाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांतला दाब वाढणं. दंडाला पट्टा बांधून मोजतात तो दाब वेगळा. तो माझा उलट कमीच असतो, १०० वर ६५. हा आतला दाब नक्की मोजायला शिरेतून नळी हृदयापर्यंत न्यावी लागते. निरोगी माणसाचा सरासरी आकडा २० च्या आत, माझा निघाला ५२. त्याआधी वर्षभर दम लागत होता. २२ जुलै २०२१ चा महापूर इथे कोणाला सांगायला नको. पतसंस्थेतला चिखल उपसताना दोन बादल्या उचलल्या की मी भिंतीला टेकायचे. सगळेच दमले होते, त्यात माझं दमणं खपून गेलं. मग रक्त कमी आहे म्हणून लोहाच्या गोळ्या झाल्या, वय झालं म्हणून कॅल्शियम झालं. शेवटी एका डॉक्टरीण बाईंनी टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करायला लावला आणि तिथून आम्ही पुण्याला पोचलो.

(गोळ्यांतली एक सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रातलं औषध. चिठ्ठी हातात घेऊन औषधाच्या दुकानातल्या पोराने आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्यामागे उभ्या असलेल्या ह्यांच्याकडे. हे छताकडे पाहत होते. ती गोळी मुळात रक्तवाहिन्या सैल करणारी आहे, हे आता त्या पोरालाही माहीत झालंय.)

पाय सुजण्याचं कारण मला पुण्याच्या डॉक्टरांनी चित्र काढून सांगितलं, पण खरं कळलं ते पुराच्या हिशेबाने. खाडीला भरती असली की वाशिष्ठी नदीचं पाणी पुढे सरत नाही. वरून येणारं येतच राहतं, मग ते मागे तुंबतं आणि बाजारात शिरतं. हृदयाची उजवी बाजू फुफ्फुसात रक्त ढकलते. पुढे दाब जास्त असला की ती थकते, आणि मागे शिरांमध्ये रक्त तुंबतं. शिरांतलं पाणी झिरपून सगळ्यात सखल जागी, म्हणजे पायात, उतरतं. यकृत तुंबतं, पोट फुगतं, चार घासांत जेवण झाल्यासारखं वाटतं. मूत्रपिंडाकडे रक्त कमी पोचलं की त्याला वाटतं शरीरात पाणीच कमी आहे. मग ते मीठ आणि पाणी बाहेर सोडायचं सोडून धरून ठेवतं. त्यात जूनमध्ये मला ॲम्ब्रिसेंटान सुरू झालं होतं. दाबावर ते चांगलं औषध, पण पायावर सूज हा त्याचा ठाऊक असलेला दुष्परिणाम. म्हणजे तिकडूनही भरती.

लघवी वाढवणारी गोळी होतीच, तिचा डोस वाढवला. पण डॉक्टर म्हणाले, "गोळी पाणी काढेल आणि तुम्ही मीठ खाऊन ते परत आणाल. आहारतज्ज्ञांना भेटल्याशिवाय चिपळूणला जायचं नाही."

मी मनात म्हटलं, मीठ? मी तर काही खातच नाही.

आहारतज्ज्ञ बाई तरुण होत्या, माझ्या मुलीहून चारपाच वर्षांनी मोठ्या असतील. मी टेबलावरचं मीठ कधी वरून घेत नाही, हे मी त्यांना ठासून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि मागचे तीन दिवस आठवून लिहायला सांगितले, वाटी-चमच्यासकट. लिहिणं हा आपला धंदा. मी रकाने आखूनच दिले.

त्या रकान्यांत काय होतं ते इथे मुद्दाम देते. कोकणात ज्याच्या तोंडाची चव गेली त्याला काय देतात? पेज. सासूबाई मला तिन्ही त्रिकाळ पेज देत होत्या, उकड्या तांदळाची, वर मिठाचा खडा घालून. सोबत भाजलेला उडदाचा पापड आणि लोणच्याची फोड, कारण नुसती पेज घशाखाली उतरत नाही. दुपारी "अगो, जिभेला काहीतरी लाग हवा" म्हणून खाऱ्या बांगड्याचा तुकडा. पाहुणे आले की शहाळं.

बाईंनी पेनने एकेका ओळीपुढे आकडा टाकला. पेजेतलं मीठ दिवसाचं दोन-अडीच ग्रॅम. पापड दोन: एकात साधारण २०० मिलिग्रॅम सोडियम, सोडियमला अडीचने गुणलं की मीठ येतं, म्हणजे दोघांत मिळून एक ग्रॅम. लोणच्याच्या रसासकट तीन मोठ्या फोडी, चार ग्रॅम धरा. बांगडा मिठातच मुरवलेला, तेवढ्याशा तुकड्यात तीन-चार ग्रॅम सहज. बेरीज दहा ते साडेअकराच्या घरात. मला दिवसाला परवानगी होती पाच ग्रॅमची. निरोगी माणसालाही जागतिक आरोग्य संघटना पाचच्या आतच राहायला सांगते. आणि तीन वेळची पेज म्हणजे जवळजवळ लिटरभर पाणी, जे मी पाण्यात धरलंच नव्हतं.

घरात सगळ्यांचं म्हणणं, हिच्या पोटात काही जात नाही. पोटात जे जात होतं ते मीठ आणि पाणीच होतं. आजाऱ्याला हलकं म्हणून आपण जे देतो ते पचायला हलकं असेल, पण माझ्या आजाराला त्याहून वाईट ताट शोधून सापडलं नसतं. सासूबाईंना हे कसं सांगायचं हा प्रश्न मला आकड्यांपेक्षा मोठा वाटला. त्या पेजेसाठी पहाटे उठत होत्या.

निघताना बाईंनी एक गोष्ट दाखवली, ती डोक्यात पक्की बसली. वॉर्डात सलाईनची बाटली टांगलेली होती, अर्ध्या लिटरची. तिच्यावर लिहिलेलं असतं ०.९ टक्के. म्हणजे अर्ध्या लिटरला साडेचार ग्रॅम मीठ. "शरीर मीठ धरून ठेवतं तेव्हा नुसतं मीठ धरत नाही, ते असं सलाईन करून धरतं. तुमच्या अंगात जास्तीचं साडेचार ग्रॅम राहिलं तर ही एक बाटली राहिली." माझ्या पायात आणि पोटात अशा दहा बाटल्या होत्या.

घरी येऊन पहिलं काम केलं ते मिठाच्या पुडीवर तारीख टाकायचं. एक किलोची पुडी चोवीस दिवसांत संपली. माणसं चार. हजार भागिले चोवीस भागिले चार: माणशी १० ग्रॅमच्या वर. यातलं थोडं मासे चोळून धुण्यात जातं हे कबूल, पण लोणचं, पापड, फरसाण यात आलेलंच नाही. हे आकडे पाहून ह्यांनी स्वतःच्या ताटातलं मीठ आपण होऊन कोपऱ्यात सरकवलं. हे मी लिहून ठेवलंय.

मग माझा वाटा मोजायचा होता. अर्धा सपाट चमचा म्हणजे साधारण तीन ग्रॅम असं बाईंनी सांगितलं होतं, पण कोणाचा चमचा? आमच्या घरात सहा आकारांचे आहेत. मी एक चमचा आणि मिठाची पुडी घेऊन त्याच सोनाराकडे गेले. त्याने काट्यावर कागद ठेवला, शून्य केलं, मी अर्धा चमचा सुरीच्या पाठीने सपाट करून ओतला. २.९. "घडणावळ नको," तो म्हणाला. दुकानात बसलेल्या दोन बायका मंगळसूत्राची वाटी बघायचं सोडून आमच्याकडे बघत होत्या.

तेव्हापासून रोज सकाळी तो अर्धा चमचा एका जुन्या कुंकवाच्या डबीत काढते. दिवसभर माझ्या जेवणात जे मीठ पडेल ते त्या डबीतून. उरलेले दोन ग्रॅम दूध, पाव, भाज्यांचं अंगचं सोडियम, आणि कोणाकडे खावं लागलं तर त्यासाठी राखीव. भाजी-आमटी मिठाशिवाय शिजते, माझी वाटी आधी निघते, मग बाकीच्यांची खारट होते. माझ्या वाटीवर मी जेवायला बसल्यावर चिमूट टाकते. पदार्थात शिजलेल्या मिठापेक्षा वर भुरभुरलेलं जिभेला जास्त लागतं, त्यामुळे थोडक्यात भागतं. अट एकच, डबी दुपारी रिकामी झाली तर रात्री अळणी. पहिल्या आठवड्यात ती रोज दुपारीच रिकामी व्हायची.

पहिले पंधरा दिवस वाईट गेले, यात लपवण्यासारखं काही नाही. वरणभात ओल्या पुठ्ठ्यासारखा लागायचा. बटाट्याची भाजी मिठाशिवाय नुसती पिठूळ. उकडलेलं अंडं तर मी हातात घेऊन रडले आहे. काही पदार्थ मिठाच्या आधारावरच उभे असतात. त्यांच्या मागे लागू नये, सोडून द्यावेत. पण आपल्याकडे असेही पदार्थ आहेत ज्यांना मीठ नसल्याचं फारसं दुःख होत नाही. तांदळाच्या भाकरीत आमच्याकडे मीठ घालतच नाहीत, हे मला सेहेचाळीसाव्या वर्षी लक्षात आलं. चिंचगुळाची आमटी तरते. कुळथाचं पिठलं लसूण दुप्पट केली तर तरतं. बांगड्याच्या तिखल्यात तिरफळं टाकली की जीभ इतकी चुरचुरते की ती मिठाची चौकशी करायला विसरते. ओलं खोबरं, कोथिंबीर, लिंबू, भाजलेलं जिरं, काळी मिरी यांच्यावर माझा संसार चालला. कोकमाचं आगळ मात्र बंद, त्यात मीठ भरपूर असतं. माहेरून आईने आमसुलं मिठाशिवाय वाळवून पाठवली, त्यांची सोलकढी होते. पाचसहा आठवड्यांनी जीभ बदलली. ते मला कळलं ते पतसंस्थेत कोणीतरी दिलेल्या शेवेने. चार काड्या तोंडात टाकल्या आणि समुद्राचं पाणी प्यायल्यासारखं झालं. पूर्वी मी तीच शेव मूठमूठ खायची.

खारट लागतं तेच मीठ, ही माझी समजूत सगळ्यात उशिरा गेली. सोडियम सोड्यातही असतं. ढोकळा, मऊ भजी, केक, नानकटाई, पापडखार, आणि आम्लपित्तावर घेतो ती फसफसणारी पावडर, सगळ्यांत ते आहे. लादीपाव गोडसर लागतो, पण दोन पावांनी माझे राखीव दोन ग्रॅम निम्मे उडतात. पाकिटामागे बारीक अक्षरात दर १०० ग्रॅमला सोडियम किती ते छापलेलं असतं. मी भिंग घेऊन दुकानात उभी राहते. दुकानदार ओळखीचा आहे, तो आता टोस्टचं पाकीट आधी स्वतः उलटून बघतो. शेजारच्या काकूंनी सैंधव आणून दिलं, "हे बाधत नाही" म्हणून. सैंधव म्हणजे खाणीतलं मीठ. सोडियम क्लोराईडच ते. उपासाला चालतं, माझ्या पायाला चालत नाही. सुकटीचं विचाराल तर ती बरेचदा नुसत्या उन्हात वाळवलेली असते, पण भरवसा नाही. विकणारीला विचारायचं, घरी येऊन कोमट पाण्यात भिजवून ते पाणी फेकायचं, आणि तरी थोडीच खायची. खारा बांगडा आमच्या घरातून गेला. सासूबाईंनी तो स्वतःहून जाऊबाईंना देऊन टाकला.

त्यांना कसं सांगितलं ते राहिलं. मी सांगितलंच नाही. मुलीने पायाचा फोटो काढला होता, बोटाने दाबलेल्या खड्ड्याचा. तो आजीला दाखवला आणि म्हणाली, "आजी, हा पापडाचा." दुसऱ्या दिवशी पेज आली नाही. त्याऐवजी आलं मऊ मुगाचं धिरडं, लसूण-खोबऱ्याची मिठाविना चटणी, आणि "अगो, मीठ नाही तर अंगात ताकद कुठनं येणार" हे वाक्य. ते वाक्य अजूनही अधूनमधून येतं.

पाण्याचा हिशेब मिठापेक्षा कठीण. मला दीड लिटरची मर्यादा आहे, आणि त्यात चहा, ताक, आमटीचं पाणी, कलिंगड, गोळीबरोबरचा घोट, सगळं आलं. कागदावर लिहून बघितलं, विसरायला व्हायचं. मग सोपी युक्ती सापडली. सकाळी दीड लिटरची बाटली भरून ठेवायची. पाणी प्यायचं ते तिच्यातूनच. चहा घेतला की तेवढंच पाणी कपाने मोजून बाटलीतून काढून तुळशीला घालायचं. आमटीची वाटी खाल्ली, एक वाटी तुळशीला. रात्री बाटली रिकामी, हिशेब बंद. त्या पावसाळ्यात तुळस कुजली. मग ते पाणी परसातल्या केळीला जाऊ लागलं. तिचं काही बिघडलं नाही.

तहान लागते, खोटं कशाला बोलू. लवंग चघळते, लिंबाची फोड चोखते, कधी बर्फाचा एक खडा, तोही पाण्यात धरून. आवळासुपारी मला फार आवडायची, पण तिच्यात मीठ. आता नुसती वाळवलेली आवळकाठी. एक गोष्ट मात्र अनुभवाची आहे, मीठ कमी झालं की तहानही आपोआप उतरते. उलट ज्या दिवशी बाहेरचं खाल्लं जातं त्या रात्री दोन वाजता माझा हात तांब्याकडे जातो. पाणी कमी आणि गोळीने लघवी जास्त, त्यामुळे बद्धकोष्ठ होतो. या आजारात कुंथणं बरं नाही, म्हणून पालेभाजी आणि शेंगभाज्या वाढवल्या.

वजन रोज सकाळी, लघवी करून आल्यावर, चहाच्या आधी, त्याच गाऊनमध्ये. मला दिलेला नियम: एका दिवसात किलोभर किंवा आठवड्यात दोन किलो वाढलं तर वाट न बघता फोन करायचा. गोळी आपल्या मनाने वाढवायची नाही, आपल्या मनाने टाळायचीही नाही. तीन आठवड्यांत ५८.९ वरून ५४.४ वर आले. घोट्याचं हाड परत दिसलं. हे म्हणाले, "ओळख पटली."

आणि मग गणपती आले, ३१ ऑगस्टला.

आमच्याकडे सासरची पाच घरं एकत्र येतात. नैवेद्याच्या पानात मीठ वाढत नाहीत, ही प्रथा मला त्या वर्षी फारच आपलीशी वाटली, पण बाकीच्या तीस पानांत ते असतंच. मी डबी घेऊन बसले होते. पहिल्या दिवशी वाढणाऱ्या जाऊबाई म्हणाल्या, "आजच्या दिवस काय होतंय," आणि मीही म्हटलं, काय होतंय. वालाचं बिरडं, अळूचं फदफदं, काकडीची कोशिंबीर, पंचामृत, मिरगुंड, दोन मोदक. कुठलाच पदार्थ खारट नव्हता. प्रत्येकात बेताचंच मीठ होतं, पण पदार्थ सहा होते. दुसऱ्या दिवशी ऋषीपंचमी, भाजी दोनदा घेतली. तिसऱ्या दिवशी सकाळी काट्यावर ५५.३. मी काटा हलवून पुन्हा उभी राहिले. चौथ्या दिवशी ५६.४, आणि आरतीला उभं राहवेना. ताम्हन मुलीच्या हातात देऊन मी ओटीवर येऊन बसले. रात्री आडवं झालं की दम लागत होता, तीन उशा घेतल्या.

फोन करायला मी एक दिवस उशीर केला, कारण सण होता आणि कोणाला सांगायचं नव्हतं. डॉक्टर रागावले नाहीत, आकडे विचारत गेले. गोळीचा डोस चार दिवसांपुरता बदलून दिला, रक्त तपासायला सांगितलं. गौरी गेल्या तेव्हा मी ५४.८ वर होते. माटवीला, म्हणजे गणपतीवर टांगतात त्या चौकटीला, बांधलेलं पपनस विसर्जनानंतर सोलून सगळ्यांना वाटतात, ते मी घेतलं नाही. माझ्या गोळ्यांबरोबर ग्रेपफ्रूट वर्ज्य आहे, आणि पपनस त्याच्याच कुळातलं म्हणून तेही नको असं मला सांगितलेलं आहे.

पुढची चूक मात्र पूर्ण माझी. नोव्हेंबरमध्ये मामेबहीण मुंबईहून कमी सोडियमचं मीठ घेऊन आली. वर हृदयाचं चित्र. मला वाटलं देव पावला. डबी बाजूला ठेवली आणि तीन आठवडे आमटीला चवीपुरतं, भाजीला चवीपुरतं, मनसोक्त. सूज वाढली नाही, वजन जागच्या जागी. नेहमीच्या तपासणीत पोटॅशियम आलं ५.७. ते पाचच्या आसपास थांबायला हवं. त्या मिठात सोडियम कमी करून पोटॅशियम क्लोराईड घातलेलं असतं, आणि माझ्या दोन पाण्याच्या गोळ्यांपैकी एक, स्पायरोनोलॅक्टोन, शरीरातलं पोटॅशियम धरून ठेवते. जास्त झालं तर हृदयाचे ठोकेच चुकतात. मी पाकिटामागचं सोडियम भिंगाने वाचत होते आणि त्याच्या खालची ओळ वाचली नव्हती. शहाळं मला का नको म्हणाले होते, तेही त्या दिवशी कळलं. मी ते फक्त पाण्यात मोजत होते. पाकीट भावाच्या घरी गेलं, तिथे कोणाला मूत्रपिंडाचा त्रास नाही आणि कोणी अशी गोळी घेत नाही हे विचारून.

अशीच एक छोटी गोष्ट: गुडघा दुखला म्हणून दुकानातून दुखण्याची गोळी आणून तीन दिवस घेतली. मीठ मोजून, पाणी मोजून वजन दीड किलोने चढलं. त्या जातीच्या बऱ्याच गोळ्या पाणी धरून ठेवतात. आता आधी विचारते.

वर्ष होत आलं तेव्हा आहारतज्ज्ञ बाईंनी माझा दंड टेपने मोजला. मी वहीतले सगळे ५४ दाखवत होते, अभिमानानेच. त्या म्हणाल्या, "वजन तेच आहे, पण त्यातलं मांस कमी झालंय. पाणी उतरलं त्याच्या जागी काही भरलं नाही." ब्लाउजच्या बाह्या सैल झाल्या होत्या, मी त्या सूज उतरल्याच्या खात्यावर टाकल्या होत्या. मी इतकी मीठ टाळत होते की जेवणच टाळू लागले होते. मग तीन वेळच्या जेवणाची पाच छोटी खाणी झाली, कारण पोट अजूनही लवकर भरतं. मुगाची उसळ, ताजे मासे, घरचं विरजलेलं दही, अंडं परत आलं, या वेळी मिरपूड आणि लिंबू घेऊन. माझे आकडे माझे आहेत. याच आजाराच्या दुसऱ्या बाईला दोन लिटर पाणी असेल, पोटॅशियम उलट कमी पडत असेल. माझी वही कोणी उतरवून घेऊ नये, म्हणून हे लिहिलं.

जोडवी सोनाराने डाग देऊन दिली, पण एक माप मोठी करून. संध्याकाळी ती आजही थोडी घट्ट होतात.

या मे महिन्यात पुतणीचं लग्न झालं. आदल्या दिवशी मी आचाऱ्याला गाठलं आणि म्हटलं, डाळ शिजली की मीठ घालायच्या आधी एक वाटी माझी काढून ठेवा, आणि एक फोडणीची भाजी. त्याने विचारलं, "अळणी किती माणसं?" मी म्हटलं, एकच. त्याने तरी छोटं पातेलं भरून ठेवलं होतं. पंगतीत माझ्या पानाकडे बघत चुलत सासरे म्हणाले, "मलाही बीपी आहे, बघू जरा." त्यांच्या पलीकडच्या व्याह्यांना किडनीचं पथ्य होतं. मग वरमाईच्या आत्या. पातेलं माझ्यापर्यंत परत आलं तेव्हा तळाशी पाऊण वाटी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळचा आकडा ५४.१. आदल्या दिवशी एक पापड खाल्ला होता. तो लिहिला आहे.